गैरहजर मुलीचं दान

दौंडला बदलून गेले तेव्हा पटाचा खेळ मी बरोबर नेला आणि त्याचे सगळे नियम होते तसेच ठेवले, एक सोडून. गैरहजर मुलाचं दान दुसऱ्या कुणी टाकायचं नाही. तो आला की टाकेल, नाही आला तर त्याची सोंगटी आहे तिथे राहील. दौंडची मुलं चौकस. निम्म्यांचे वडील रेल्वेत, त्यामुळे वेळापत्रक आणि नियम यांवर त्यांचा भारी विश्वास. बाई, मग ज्याला ताप आला त्याचं नुकसान नाही का होत, असं दर वर्षी कुणीतरी विचारायचं. होऊ दे नुकसान, असं म्हणून मी त्यांना गप्प करायची. कारण कधी सांगितलं नाही. ते आता सांगते, कारण ती मुलं आता मोठी झाली आणि मलाही आता कुणाला गप्प करायचं उरलेलं नाही.

खेळ मी मुळात केला तो घोडनदीला. शिरूर हे नाव कागदावर, आम्ही सगळे घोडनदीच म्हणायचो. माझे वडील पाळक होते. मिशनच्या बंगल्यामागे खोल्यांची ओळ होती, त्यातल्या दोन खोल्यांत आम्ही बापलेक राहायचो. मी शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवायची. लग्न केलं नव्हतं, जीभ तिखट होती, आणि मुली मला घाबरतात हे मला आवडायचं. नववीच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. एवढ्या शिकलेल्या मुलीला नवरा कुठून आणायचा, ही गावाला पडलेली काळजी. त्या काळजीतून सुटून ज्या पोचल्या होत्या त्या माझ्यापुढे बसायच्या.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. पुस्तकं मात्र जुनीच, त्यांत अजून मुंबई राज्य होतं. मुलींना जगातल्या मोठमोठ्या नद्या लांबीसकट पाठ. एकदा मी सहज विचारलं, आपली ही घोडनदी गावाच्या पुढे कुठे जाते? शेवटी एक जण म्हणाली, पुढे जाते आणि संपते. मी त्या दिवशी इतकी चिडले की तास अर्ध्यावर सोडून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. जिच्यात रोज धुणं धुता तिचं पुढे काय होतं हे ठाऊक नाही, आणि चालल्या व्होल्गेला.

त्या आठवड्यात मी बाजारातून मांजरपाट आणलं. शिवणाच्या तासाला मुलींनी त्याचा पट शिवला, चौरस, कडेने घरं. घोडनदीतून निघायचं, नदीच्या अंगाने इनामगावावरून भीमेला मिळायचं, तिथून दौंड. दौंडला रेल्वे धरायची आणि पाटस, केडगाव, खुटबाव, यवत करत पुणे. पुण्याहून नगरच्या रस्त्याने रांजणगाव, आणि परत घोडनदी. चार कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे, चारही पालथ्या पडल्या तर आठ. पडेल त्याला दान म्हणायचं, हे मुलींना सांगावं लागलं नाही. श्रावणात घराघरांत पट खेळतच होत्या. माझी भर एवढीच, की ज्या घरावर सोंगटी पोचेल त्या गावाचा एक प्रश्न. माती कसली, पीक काय, पाणी कुठून येतं, माल कुठे जातो. उत्तर चुकलं तर आल्या पावली मागे.

आणि मारामारी होतीच. दुसरीच्या सोंगटीवर आपली पोचली की ती मेली. मेलेली सोंगटी पटावरून उचलून जिची तिच्या हातात द्यायची, मग पुढच्या पाळीला तिनं घोडनदीतून पुन्हा निघायचं. यावरून रडारडी व्हायची. पुण्यापर्यंत गेलेली मुलगी हातात सोंगटी घेऊन अशी बसायची की मला हसू आवरायचं नाही.

शनिवारी शेवटच्या तासाला खेळायचं, एकेकीची एक पाळी. प्रश्न आणि उत्तरं यांत तास संपायचा, म्हणून एक खेळ वर्षभर पुरायचा. अडचण एकच होती. मुली शाळेत सलग येत कुठे होत्या? सुगी आली, पाहुणे आले, भाऊ आजारी पडला, की मुलगी घरी. ती आठवडाभर घरी आणि सोंगटी मागे पडलेली, मग परत आल्यावर तिला खेळात रस राहायचा नाही. म्हणून मी नियम केला की गैरहजर मुलीचं दान तिच्या शेजारणीनं टाकायचं, आणि प्रश्नाचं उत्तरही शेजारणीनंच तिच्या वतीनं द्यायचं. मला तेव्हा या नियमाचा अभिमान वाटला होता. शिक्षणखात्याचे दिपोटी तपासणीला आले. शाळेत कवड्या बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग या नियमाचं त्यांनी कौतुक केलं, आणि एक दान टाकून बघतो म्हणून बसले ते घंटा होईपर्यंत उठले नाहीत.

खुटबावची एक मुलगी वर्गात होती. वडील नव्हते. आई गावाकडे रान करायची, धाकटा भाऊ आईजवळ. ही शिकायला मामाकडे घोडनदीत राहिलेली. मामा बाजार समितीत मापाडी होता. मुलगी उंच, हडकुळी, अभ्यासात बेताची. काही विचारलं की 'व्हय बाई' म्हणायची, मग ते येत असो नसो. पण शनिवारी तिचा चेहरा वेगळाच असायचा. सुताराने सगळ्यांना सोंगट्या करून दिल्या होत्या, रंग जिचा तिने आणायचा होता. हिच्याकडे रंग नव्हता, म्हणून हिनं सोंगटी हळदीच्या पाण्यात भिजत घातली. माझं गाव आलं की मी दोन शनिवार तिथं उतरणार, असं ती सगळ्यांना सांगायची. तिच्याशेजारी बसणारी कासाराची मुलगी म्हणायची, उतरतेस कशी, नियम नाही तसा. दोघींचं यावरून रोजचं भांडण होतं आणि रोजची मैत्रीही.

भाद्रपदात तिला ताप आला. मामाने आधी काढा दिला, मग सरकारी दवाखाना केला. दवाखान्यात विषमज्वर म्हणाले. गुरुवारी सकाळी ती गेली.

खुटबाव घोडनदीपासून फार लांब नाही, पण मध्ये भीमा आहे. पाणी चढलेलं होतं आणि नाव बंद होती. मामानं सायकलवरून माणूस पाठवला, त्यानं काठावरून पलीकडच्या माणसांना ओरडून सांगितलं. आईनं केडगावला गाडी धरली, पुण्याला उतरून एस्टी पकडली, सगळा वळसा घालून ती घोडनदीला आली. तोवर दुसरा दिवस निम्मा सरला होता. मामा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला होता. पाऊस लागून राहिलेला, पोर तापानं गेलेली. वडीलधारी माणसं म्हणाली, आता ठेवू नका. त्यांचंही खोटं नव्हतं. आई आली तेव्हा नदीकाठी दाखवायला राख होती, आणि तीही पावसात भिजलेली.

ती रडली नाही, असं मला मामाच्या बायकोनं सांगितलं. दहाव्यालासुद्धा नाही. दप्तर घेऊन परत गेली.

त्या शनिवारी आम्ही खेळलो नाही. पुढच्या शनिवारी मुलींनी आपणहून पट अंथरला. हजेरीपटावरचं नाव मी खोडलं होतं, त्याला काही वाटलं नाही, ते शाईचं काम. पण हळदीची सोंगटी इनामगावच्या पुढच्या घरावर उभी होती आणि ती उचलायला माझा हात पुढे होईना. पाळी फिरत फिरत तिच्यापाशी आली. कासाराच्या मुलीनं कवड्या हातात घेतल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, गैरहजर आहे."

टाक, असं मी म्हटलं. एवढंच म्हटलं. चारही पालथ्या पडल्या.

मग तसंच सुरू झालं. मी भूतखेत मानत नाही. आमच्या घरात त्याला थारा नव्हता, वडिलांनी उभ्या जन्मात तो विषय हसण्यावारी नेला. तरी सांगते, त्या सोंगटीला दानं पडायची तशी मी कुणाला पडलेली पाहिली नाहीत. कासाराच्या मुलीचं भूगोलाशी वाकडं, स्वतःच्या पाळीला ती हमखास चुकायची. पण शेजारणीच्या वतीनं विचारलं की बरोबर सांगायची. आठवडाभर तेवढ्यासाठी अभ्यास करत असेल, मी स्वतःला समजावायची. पण उत्तर देण्याआधी ती 'व्हय बाई' म्हणायची. तिच्या घरी असं कुणी बोलत नव्हतं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसरी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्या सोंगटीला कुणी मारत नव्हतं. दान बरोबर तिच्या घराचं पडलं, तरी मुली आपली सोंगटी हलवायच्या नाहीत, पाळी सोडून द्यायच्या. आपसांत ठरवलेलं नव्हतं काही, विचारलं तर मान खाली घालायच्या. त्यामुळे बाकीच्या मरत होत्या, मागे जात होत्या, पुन्हा निघत होत्या, आणि ती एकटीच न थांबता पुढे चालली होती. दौंड गाठलं. दिवाळीच्या सुट्टीत पट कपाटात होता, तरी ती पाटसच्या घरावर उभी असल्याचं माझ्या मनातून जाईना. ख्रिसमसची गाणी बसवताना, स्वयंपाक करताना मध्येच मला ते घर दिसायचं. सोमवारी हजेरी घेताना दोन नंबरांच्या मध्ये माझा आवाज थांबायचा. मुली त्या थांबण्याची वाट बघायच्या, हे मला कळायचं. मला भीती वाटत होती. खेळ चालू ठेवायची भीती, आणि बंद करायची त्याहून जास्त.

सुट्टीनंतरच्या एका शनिवारी वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. शनिवार बाजाराचा दिवस, डोक्यावर पाटी होती. उंची पाहूनच आम्ही ओळखलं.

ती हितंच बसायची का, असं तिनं विचारलं. मी बाक दाखवला. ती बाकाकडे गेली नाही, पटाकडे आली. पाटी उतरवून खाली बसली आणि म्हणाली, "तिची कंची?"

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी हळदीची सोंगटी दाखवली. पाळी आली, कासाराच्या मुलीनं दान टाकलं, सोंगटी केडगावच्या घरावर गेली. आईनं डोळे मोठे केले आणि म्हणाली, "केडगाव? आगं मग आलीच की."

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. भीमा उतरली होती, नाव चालू झाली होती. खुटबावहून चालत नदीपर्यंत, नावेतून पलीकडे, मग मिळेल ती गाडी. दुपारी आमच्या वर्गात भिंतीला टेकून बसायची. कुठवर गेली, एवढं विचारायची. गावाला गेलेल्या माणसाची खबर घेतात तशी घ्यायची. मुली तिला मावशी म्हणायला लागल्या. ती त्यांच्यासाठी बोरं आणायची, हरभऱ्याचा डहाळा आणायची. मुलगी मेली हा शब्द मात्र तिच्या तोंडून कधी आला नाही. ती नुसतं 'ती' म्हणायची.

खुटबावच्या घरावर सोंगटी पोचली त्या दिवशी ती खूप हसली. प्रश्नाचं उत्तरही कासाराच्या मुलीआधी तिनंच देऊन टाकलं. पुढच्या शनिवारी येताना तिनं पुरणपोळ्या आणल्या, सगळ्या वर्गाला. पोळ्या खाऊन झाल्या, पट अंथरला, आणि तेव्हा ती मला म्हणाली, अजून एक आठवडा ऱ्हाऊ द्या की घरी. नियमाप्रमाणे पाळी आली की दान टाकायचंच. मी म्हणू शकले असते, ठीक आहे. पण मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मला वाटलं, आज हो म्हटलं तर या खेळाला शेवट उरणार नाही. मी नाही म्हणून मान हलवली. कासाराच्या मुलीनं टाकलं, दोन पडले, सोंगटी यवतच्या दिशेला निघाली.

"आली तशी निघाली बी," असं म्हणून ती उठली आणि पाटी न घेताच बाहेर गेली. पाटी पुढच्या शनिवारपर्यंत वर्गात पडून होती.

ती पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही. मामा मात्र मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाला, बाई, हे बंद करा. बहीण शनिवारी इकडं येते आणि बाकीचे दिवस शनिवारची वाट बघत बसते. ज्वारी उभी वाळली, काढली नाही. धाकटं पोरगं शेजाऱ्यांच्या घरी जेवतं, तिच्याजवळ गेलं तर ती त्याला ओळख नसल्यासारखं बघते. "जी गेली तिच्यामागं ह्ये बी जायाचं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. भाचीला अग्नी त्यानंच दिला होता, आणि बहीण तेव्हापासून त्याच्याशी बोलली नव्हती.

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलंच होतं. शाळेत हे काय चाललंय म्हणून त्यांनी मला खोलीत बोलावून विचारलं. पालकांत बोललं जातं, मुली परीक्षेआधी त्या सोंगटीला हात लावून नमस्कार करतात असं ऐकतो, हे खरं का? खरं होतं, मीच पाहिलं होतं. पण त्यांच्या सुरामुळे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गणिताच्या पेपराआधी तुमच्या मारुतीला नारळ फुटतात तेव्हा चालतं. हे बोलायला नको होतं. ते शांतपणे म्हणाले, वार्षिक परीक्षेच्या आत पट बंद झाला पाहिजे. त्यांचं चूक नव्हतं आणि मामाचंही नव्हतं, म्हणूनच मला दोघांचा राग आला होता.

वडिलांना मी विचारलं, काय करू. आमच्यात पुरतात. आईची कबर गावाबाहेर होती. वडील रविवारी उपासनेनंतर जाऊन तिथलं गवत काढायचे, दगड पुसायचे, बसायचे. माझं ऐकून ते म्हणाले, त्या बाईला बसायला जागा कुठे आहे? एवढं बोलून ते चहाची कपबशी विसळायला गेले. मला त्यातून करायचं काय ते कळलं नाही. तिला जागा नाही हे मात्र कळलं, आणि मी ती काढून घ्यायला निघाले होते.

मार्चमध्ये सोंगटी पुणे सोडून नगरच्या रस्त्याला लागली. आता घोडनदी जवळ आली. बाकी कुणाचीच सोंगटी इतकी पुढे नव्हती, कारकुनाच्या मुलीची तेवढी मागोमाग होती. ती मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची, हुशार, उत्तर न चुकणारी. सोंगटी घोडनदीत शिरली की ती जिंकली, मग तिला पेटीत ठेवायचं, त्या वर्षी पुन्हा काढायचं नाही. ते कुणाला नको होतं. एकदा कासाराची मुलगी मला म्हणाली, मी नाही टाकत बाई, आज पोचली तर? त्या दिवशी एक पडला.

परीक्षेआधीचा शेवटचा शनिवार आला. आज खेळून पट बंद, हे मी मुलींना आधीच सांगितलं होतं. आई येऊन बसली तेव्हा तिलाही सांगितलं. तिनं मान हलवली, विचारलं काही नाही. हळदीची सोंगटी रांजणगावच्या घरावर होती. तिथून घोडनदी दोन घरं. दोन किंवा जास्त पडले की आत.

कारकुनाच्या मुलीची पाळी हळदीच्या सोंगटीच्या आधी यायची. तिनं दान टाकलं. तीन पडले. तिच्यापासून रांजणगाव बरोबर तिसरं घर. ती सवयीप्रमाणे म्हणाली, "मी नाही चालत," आणि कवड्या पुढे करायला लागली.

"का गं?" आई म्हणाली. "चाल की."

मावशी, तिथं ती आहे, असं ती मुलगी हळूच म्हणाली.

"म्हनून तर म्हंते." आई भिंतीपासून सरकून पटाजवळ आली. "मार तिला."

कासाराच्या मुलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, शिक्षक मीच होते तिथे.

आई त्या मुलीकडेच बघत होती. रागानं नाही, अगदी समजावून सांगावं तशी ती बोलली. "आत गेली म्हंजी पेटीत जाईल. मारली म्हंजी जिची तिच्या हातात देत्यात. व्हय ना? मला माझी कुनी दिली न्हाई. मी आले तवा निस्ती राख व्हती. तू मार, बाळ, आन् दे माझ्या हातात."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं आपली सोंगटी उचलली, एक घर, दोन घरं, तिसरं. रांजणगावचा प्रश्न मी विचारला नाही. तिनं हळदीची सोंगटी दोन बोटांनी उचलली आणि आईच्या पसरलेल्या हातावर ठेवली.

आईनं मूठ मिटली. मूठ छातीशी धरून ती पुढे वाकली, कपाळ पटाला टेकलं आणि तिच्या पोटातून आवाज आला. "मेली गं माझी पोर," ती म्हणाली. "मेली. मेली." मग ती रडायला लागली. भाद्रपदापासूनचं सगळं रडणं त्यात होतं. शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमली, मुख्याध्यापक आले. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि मुलांना बाहेर नेऊन दार लोटून घेतलं. मुलीही रडत होत्या. मीही रडले, वर्गासमोर, पहिल्यांदाच. कुणी कुणाला गप्प करायला गेलं नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली. लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, सोंगटी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. संध्याकाळची नाव चुकायला नको, पोरगं एकटं हाय, असं मला म्हणाली. मामाकडे जाऊन त्याला भेटून जाते, असंही म्हणाली. मग मुलींच्या डोक्यांवरून एकेक करून हात फिरवला. पाटी डोक्यावर घेतली आणि फाटकातून बाहेर पडली. आम्ही खिडकीतून ती वळेपर्यंत पाहिलं. त्यानंतर ती वर्गात कधी आली नाही.

घंटेला अजून थोडा वेळ होता. आम्ही परत पटाभोवती बसलो, उठून जावं असं कुणाला वाटत नव्हतं. कारकुनाच्या मुलीनंतरची पाळी हळदीच्या सोंगटीची होती. कासाराच्या मुलीनं सवयीनं हात पुढे केला, मग थांबली, आणि हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी कवड्या तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, आता तुझं टाक.